यमुनाताईंच्या झोताचे नाव

डॉ. यमुना नाखवा यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकते आणि त्याबद्दल वाचकांची क्षमाही मागते. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, नातेवाईकही नव्हते. वायुगतिशास्त्र हा त्यांचा विषय, आणि माझा विज्ञानाशी संबंध शाळेतच संपलेला. पनवेलच्या एका शाळेत मी मराठी शिकवले, निवृत्त झाले, आणि ज्या वयात माणसे लिहिणे-वाचणे आवरते घेतात त्या वयात इतरांचे लेखन तपासून देण्याचे काम हाती घेतले. स्वतःच्या नावाने काही छापून येण्याची ही पहिलीच वेळ. यमुनाताईंविषयी खरे तर त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहायला हवे, आणि ते लिहितीलही. पण अखेरच्या काळात एक लहानसे काम आम्ही दोघी मिळून करत होतो. ते अपुरे राहिले, आणि नेमके कुठे अडले हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही... म्हणून हे धाडस.

बातमी आली ती त्यांच्याच फोनवरून. दुपारची जेवणे झाली की आम्ही बोलत असू, त्यामुळे त्यांचे नाव दिसताच मी नमस्कारही न करता म्हणाले, “ताई, ‘स्पंदित झोत’ कसा वाटतो?” पलीकडे काही क्षण कोणीच बोलले नाही. मला वाटले, त्या शब्द तोंडात घोळवून पाहत आहेत. मग एक पुरुषाचा आवाज आला. “बाई, मी भालचंद्र. ताय गेली.” भालचंद्र हा त्यांचा धाकटा भाऊ, करंजाच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहणारा, स्वतःची होडी असलेला. एरवी खणखणीत बोलणारा तो माणूस इतकेच बोलला आणि थांबला. माझा शब्द मात्र उच्चारला गेला होता. तो परत घेता येईना, आणि ज्यांच्यासाठी उच्चारला होता त्यांच्यापर्यंत पोचतही नव्हता.

आमची ओळख एका शब्दावरूनच झाली होती. मराठीत तयार होत असलेल्या एका विज्ञानकोशासाठी यमुनाताईंनी एक नोंद लिहिली होती आणि भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी ती माझ्याकडे आली होती. विषय त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा. इंग्रजीत त्याला सिंथेटिक जेट म्हणतात आणि त्यांनीही तसेच देवनागरीत लिहिले होते. मी जाडजूड शब्दकोश उघडला, सिंथेटिक म्हणजे कृत्रिम अशी खात्री करून घेतली आणि सगळीकडे ‘कृत्रिम झोत’ असे नीटनेटके करून नोंद परत पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन. “डॉक्टर नाखवा बोलतेय. माझ्या झोताला खोटा कोणी म्हटलं?” मी चाचरत म्हणाले, की कृत्रिम म्हणजे खोटा असे नव्हे. “कृत्रिम फुलं, कृत्रिम दात, कृत्रिम हसू,” त्या म्हणाल्या. “खरं काय आहे यात? तुम्ही राहता कुठे?” मी पनवेलला, असे सांगितले. “मग नवीन पनवेलपर्यंत यायला काय विमान पाहिजे? या उद्या. दाखवते तो खरा आहे की खोटा.”

भिडस्त माणसाला असे बोलावणे टाळताही येत नाही. मी गेले. त्यांच्या घरात एकटीच्या संसाराला लागते त्याहून जास्त सामान नव्हते. समोरच्या टेबलावर मात्र तारा, डब्या, प्लास्टिकच्या पट्ट्या यांचा पसारा होता. चहा झाल्यावर त्यांनी एक मेणबत्ती लावून माझ्यापुढे ठेवली. “विझवा.” मी फुंकर घातली. त्यांनी ती पुन्हा लावली. “आता तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून विझवा.” मी दोनतीनदा प्रयत्न केला. ज्योत जराशी हलली, इतकेच. “शाळेत पोरांना किती वर्षं शिकवलंत, आणि एक मेणबत्ती विझेना?” असे म्हणून त्या मनापासून हसल्या, आणि मग समजावू लागल्या. ओढताना हवा तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी, थोडी थोडी येते. फुंकताना मात्र ती एकाच दिशेने, एकवटून जाते. हवा तेवढीच, पण आत येण्याची तऱ्हा वेगळी आणि बाहेर पडण्याची वेगळी. त्यांचा सारा झोत या एका फरकावर उभा होता. विमानाच्या पंखाला एक बारीक फट, फटीमागे लहानशी पोकळी आणि पोकळीच्या तळाशी वेगाने थरथरणारा पडदा. पडदा मागे गेला की बाहेरची हवा आत येते, पुढे आला की ती बाहेर फेकली जाते. कुठून नळी आणलेली नाही, कुठे हवेची टाकी नाही. जेवढी हवा आत गेली तेवढीच बाहेर आली, आणि तरीही फटीतून एक सलग झोत उठतो. भोवतालच्याच हवेतून तो जुळवून घेतलेला असतो, म्हणून तो ‘सिंथेटिक’. खोटेपणाशी त्याचा काही संबंध नाही.

नंतरच्या एका भेटीत त्यांनी मला तो झोत प्रत्यक्ष दाखवला. जुन्या स्पीकरवर पत्र्याचे झाकण, झाकणाला गोल भोक, आत उदबत्तीचा धूर. स्पीकर घुमू लागला तशी भोकातून धुराची वलये सुटू लागली, एकामागून एक, सरळ वर. मी लहान मुलीसारखी पाहत राहिले. मग त्यांनी टेबलफॅन लावला. त्याच्या पुढ्यात नारळपाणीवाल्याकडून मागून आणलेल्या स्ट्रॉंची मोळी बांधून ठेवली होती, फॅनच्या हवेची गिरकी मोडून ती सरळ यावी म्हणून. हवा आडवी येताच वलये कलली. प्रत्येक वलयाची वाऱ्याकडची कड विरघळल्यासारखी झाली आणि पलीकडची कड उलट घट्ट पिळली गेली. यमुनाताईंनी सांगितले की पृष्ठभागालगतच्या हवेला स्वतःचाच एक पीळ असतो. वलयाच्या एका कडेचा पीळ त्याच्या विरुद्ध, म्हणून ती झिजते, आणि दुसरीचा त्याच दिशेचा, म्हणून ती बळावते. स्पीकरचा आवाज वाढवल्यावर वलये त्या आडव्या हवेला न जुमानता वर निघून गेली. आवाज कमी केल्यावर ती टेबलालगतच लोळत, गुंडाळत पुढे सरकू लागली. “ही हवीत मला,” त्या म्हणाल्या. “पंखाला चिकटून जाणारी हवा घासून घासून थकते. पंख जास्त उचलला की ती पुढे जाऊच शकत नाही, पंख सोडून देते, आणि मग विमान पडायला येतं. तिला धक्का नको असतो. वरची ताजी हवा कुणीतरी खाली तिच्यापर्यंत आणून द्यायची असते. ही वलयं तेवढं करतात. जोर केलात तर ती वर उडून जातात, थकलेलीला भेटतसुद्धा नाहीत.”

मी नोंदीसाठी ‘आडव्या प्रवाहातील झोत’ असे लिहून घेतले. त्यांनी ते वाचले आणि भुवया उंचावल्या. “आडवा कोण, बाई? वारा तर पंखावरून सरळच चाललाय. आडवा आलाय तो माझा झोत. सासूला विचारा कोण आडवं येतं, मग सुनेला विचारा, आणि मग लिहा.” त्या मला सुरुवातीपासून ‘बाई’च म्हणत, शाळेतल्या मुलांसारख्या, थोड्या थट्टेने आणि थोड्या धाकाने. मी त्यांना मॅडम म्हणत असे. ‘ताई’ म्हणू लागले ते करंजाला जाऊन आल्यावर.

करंजाला त्यांनीच मला नेले, आईला भेटवायला. म्हातारी मांडवाच्या सावलीत बसून सुकवलेले बोंबील निवडत होती. मुलगी विमानांचे काही शिकवते एवढेच तिला ठाऊक होते, आणि ते ती शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत असे. “पन नक्की काय करतं ही?” तिने मला विचारले, “तू तरी सांग गं बाय. हिनं मला कदी नाय सांगितलं.” मी उत्तर जुळवू लागले, तेवढ्यात यमुनाताई म्हणाल्या, “आय, सिंथेटिक जेट गं.”

“सिंतेटिक? मंजे नायलॉनचा?” म्हातारीने समोरच्या जाळ्याच्या ढिगाकडे बोट दाखवले.

“नाय गं, वाऱ्याचा.”

“वारा कसा सिंतेटिक होल? वाऱ्याचा काय कारखाना हाय?” भालचंद्र होडीची दोरी गुंडाळता गुंडाळता हसू लागला. म्हातारी हसली नाही. “येवडी वर्सं शिकलीस,” ती म्हणाली, “नि आयला समजंल असं येक नाव नाय ठेवलंस त्याला?”

यमुनाताईंसोबत मी परत निघाले. त्यांचे निबंध दूरदूरच्या देशांत वाचले जात. वीसएक मैलांवरच्या मांडवात मात्र त्यांचे आयुष्यभराचे काम नायलॉनच्या ढिगापाशी अडले होते. पनवेल जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, “नोंदीत नाव असं पाहिजे की कोशातले लोक चूक काढणार नाहीत आणि आयला वाचून दाखवलं तर कळेल. दोन्ही.” तेव्हापासून आमचे काम बदलले. नोंद कधीच पुरी झाली होती. उरले होते तिचे शीर्षक. मी शब्द सुचवावेत आणि त्यांनी ते मोडावेत, असा क्रम सुरू झाला. ‘संश्लेषित’ त्यांनी वाचताक्षणी खोडला. (“आय विचारेल, हा कुठल्या देवाचा प्रसाद?”) ‘स्वयंभू’ला त्या हसल्या आणि म्हणाल्या की पडद्याला वीज लागते, तिचे बिल मी भरते. त्यांनी सुचवलेले शब्द मलाही पटत नसत, पण ते तोंडावर सांगण्याचे बळ मला हळूहळूच आले. “तुम्ही नाव ठेवायला बसलात,” एकदा त्या म्हणाल्या, “आणि नुसती नावं ठेवताय!”

दरम्यान त्यांचा खोकला वाढला. आधी धुळीचा, मग हवापालटाचा समजून सोडून दिला. अखेर निदान झाले ते फुफ्फुसे हळूहळू ताठर होत जाण्याचे, आणि डॉक्टरांनी फार आशा ठेवू दिली नाही. घरात ऑक्सिजनचे यंत्र आले, लांब पारदर्शक नळी आली, आणि मेणबत्ती, उदबत्ती कायमची बंद झाली. धुराची ती वलये मला पुन्हा पाहायला मिळाली नाहीत. यंत्राची घरघर, त्यांचा श्वास आणि दोन श्वासांमध्ये अर्धवट सोडलेली वाक्ये ऐकत मी समोर बसे. अशाच एका दुपारी मला एक शब्द सुचला आणि मला वाटले, हाच तो. ‘श्वासझोत’. आत घेणे, बाहेर सोडणे, बाहेरून काही न आणणे... सगळे त्यात होते. करंजाच्या मांडवात तो कळला असता आणि कोशात शोभलाही असता. मी तो त्यांना ऐकवला तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला असावा.

त्यांनी डोळे मिटून तो ऐकला. मग मान हलवली. “श्वास हवा घेतो ती वेगळी,” त्या म्हणाल्या, थांबत थांबत, “आणि सोडतो ती वेगळी. मधल्यामध्ये तो काहीतरी काढून घेतो. त्यासाठीच तर घेतो. माझा झोत काही ठेवून घेत नाही. जे घेतलं तेच देतो.” शास्त्राचा आक्षेप इथे संपला होता. पण थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या, आणि तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “हा शब्द तुम्हाला माझ्याकडे बघून सुचलाय, बाई. शब्द झोताला पाहिजे. मला नको.” मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. त्यांचे म्हणणे खरे होते, आणि तरीही शब्द वाईट नव्हता. आजही मला तो वाईट वाटत नाही.

त्यांनी स्वतः शब्द सुचवला तो त्यानंतर काही दिवसांनी. फोनवर फक्त इतकेच म्हणाल्या, “उसना.” मला आधी कळले नाही. “उसना झोत. शेजारच्या हवेकडून घ्यायचं, आणि जेवढं घेतलं तेवढं परत. आयला एका दमात कळेल.” माझ्या कानाला मात्र तो खटकला, आणि या वेळी मी ते स्पष्ट सांगितले. उसने म्हटले की उसने अवसान आठवते, मी म्हणाले. अंगात बळ नसताना आणलेला आव. म्हणजे कृत्रिमवरून निघून आपण पुन्हा खोटेपणापाशीच आलो. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. “तुमच्याकडे उसनं म्हणजे खोटं?” त्यांनी विचारले, आणि त्यांना खरेच नवल वाटले होते. “आमच्याकडे उसनं म्हणजे परत करायचंच असतं ते. मासळीचा बर्फ असो नाहीतर पीठ असो. खोटं कुठून आलं त्यात?” मी पुस्तकी उदाहरणे दिली. त्यांनी त्यांच्या आळीतली दिली. दोघींचा शब्द एकच होता, फक्त दोन वेगवेगळ्या घरांतून आलेला. त्या दिवशी मी हरले नाही, त्याही हरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद, आणि तिसऱ्या दिवशीही. त्यांच्या आजारपणात त्यांना बोलके ठेवणारे दुसरे फारसे काही उरले नव्हते, त्यामुळे तो वाद मिटू नये असेही मला अधूनमधून वाटे.

आमची शेवटची भेट त्यांच्या गॅलरीत झाली. नळी जिथवर पुरे तिथवर खुर्ची ओढून त्या बसल्या होत्या. हवा स्वच्छ होती, कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. अलीकडे आमच्या भागावरून विमाने उतरू लागली आहेत. लोक आवाजाबद्दल कुरकुर करतात. त्या प्रत्येक विमानाकडे कपाळावर हात धरून बघत. “पंखाची मागची कड खाली वळवलीय, बघा. तिथेच हवा सोडून द्यायच्या बेतात असते. माझा झोत तिथे बसायला पाहिजे.” बसवतील का, असे मी विचारले. “प्रयोगशाळेत जमतं. वाऱ्याच्या बोगद्यात जमतं. प्रवाशांच्या विमानावर अजून नाही. बसेल कधीतरी, कोणाच्या तरी हातून,” त्या म्हणाल्या. ते त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तोवर नाव तरी मराठीत तयार असू दे.” निघताना मी शब्दाचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला. “उद्या फोन करते. आणखी एखादा आणा. पण श्वास आणू नका.”

त्या गेल्यानंतर काही दिवसांनी मी करंजाला गेले. जावे की नाही याचा बराच विचार केला, कारण त्या घराशी माझे नाते एका भेटीचे होते. म्हातारी त्याच मांडवात बसली होती, हात रिकामे. मला तिने लगेच ओळखले. रडून झाले होते असे वाटले, किंवा रडणे दुसऱ्या कुठल्या वेळी होत असावे. जवळ बसवून तिने माझा हात हातात घेतला आणि विचारले, “तिच्या वाऱ्याला नाव ठेवलंत का गं बाय?”

मी सांगितले की दोन नावे आहेत, उसना झोत आणि श्वासझोत, ठरत नाही. तिने ती ऐकून घेतली. मी दोन्हींचा अर्थ सांगितला, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. दोन्ही तिला कळली. इतके महिने जी परीक्षा आम्ही डोळ्यांसमोर ठेवली होती ती दोन्ही शब्दांनी एका दुपारी पार केली, आणि ज्यांना ते पाहायचे होते त्या तिथे नव्हत्या.

“तिला कोनता आवडायचा?” म्हातारीने विचारले.

“उसना.”

“नि तुला?”

“दुसरा.”

भालचंद्र पाण्याचा तांब्या ठेवून गेला. “मंग आता,” ती म्हणाली, “भांडशील कुनाशी?”

अजूनही दुपारची जेवणे झाली की मी फोन जवळ घेऊन बसते, ही सवय मोडलेली नाही. नवा शब्द सुचला तर तो मोठ्याने उच्चारून पाहते, आणि तो मोडायला कोणी नाही म्हणून तो तसाच बरा वाटत राहतो, ही त्यातली खरी अडचण. माझा आवडता शब्द लिहिला तर त्यांच्या नकारावर बोळा फिरवल्यासारखे होईल. त्यांचा लिहिला, तर मला न पटलेला शब्द केवळ त्या गेल्या म्हणून मान्य केल्यासारखे होईल, आणि अशी मान्यता त्यांनी एका फटक्यात परत पाठवली असती. कोशाच्या संपादकांनी मुदत वाढवून दिली आहे, समजून घेऊन. नोंद पुरी आहे, खाली त्यांचे नाव आहे, शीर्षकाची ओळ मोकळी आहे. संपादकांनी सुचवले की तुम्हीच काय ते ठरवा. पण हे काम एकटीने करायचे नव्हतेच. म्हणून, कधी भेट झाली नसलेल्या वाचकांना त्रास देण्याचा संकोच बाजूला ठेवून, विचारते. भोवतालचीच हवा घेऊन, तेवढीच परत देऊन, थकलेल्या हवेला पंखावर टिकवून धरणाऱ्या या झोताला तुमच्या घरात काय म्हणतील?